चक्कर घेणं आणि चक्कर येणं: नृत्याचा सराव आणि शरीराचा तोल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नर्तक चक्कर घेतो आणि आजाऱ्याला चक्कर येते. शब्द एकच, क्रियापद बदललं की अर्थ उलटा. मी बरीच वर्षं नृत्य शिकवते आहे. वर्गात नव्याने येणारे प्रौढ, मुलांचे पालक, साठी ओलांडल्यावर नाचायला लागलेली माणसं, सगळेच फिरून फिरून या दोन क्रियापदांबद्दल विचारत असतात. त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

शरीराचा तोल नेमकं कोण सांभाळतं?

मेंदू. पण त्याला बातमी पुरवणारे तिघे आहेत: डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय-घोटे-सांधे-स्नायू यांची जाणीव. तिघांच्या बातम्या सतत येत राहतात, मेंदू त्या ताडून बघतो आणि कुणाचं किती ऐकायचं ते ठरवतो. अंधारात डोळ्यांचं वजन कमी होतं. वाळूत उभं राहिलात की तळपायाची बातमी गोंधळते, मग मेंदू कानाकडे वळतो.

या कानातल्या यंत्रणेला व्हेस्टिब्युलर यंत्रणा म्हणतात. ऐकण्याशी तिचा संबंध शेजारधर्मापुरता, पण जागा तीच: कवटीच्या अतिशय टणक हाडात, खोल आत. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. डोकं होकारार्थी हललं, नकारार्थी हललं, खांद्याकडे कललं, तरी यांपैकी कोणाला तरी ते कळतंच. शिवाय दोन छोट्या पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक. गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला आहे आणि शरीर सरळ रेषेत पुढे किंवा वर सरकतंय का, ते या स्फटिकांच्या भारावरून समजतं. उडी मारताना पिशव्या बोलतात, गिरकी घेताना नलिका.

गिरकी थांबल्यावरही जग फिरत का राहतं?

नलिकांमध्ये द्रव असतो आणि त्याच्या वाटेत जेलीसारखा मऊ पडदा. डोकं फिरायला लागलं की द्रव मागे रेंगाळतो, पडदा वाकतो, आणि पडद्याखालच्या केसांसारख्या पेशी मेंदूला कळवतात की आपण फिरतोय. फिरणं एकाच वेगाने चालू राहिलं तर हळूहळू द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि पडदा सरळ होतो. म्हणजे तुम्ही फिरत असता, पण कान म्हणतो, काही नाही, स्थिर आहोत.

मग तुम्ही थांबता. द्रव मात्र अजून त्याच दिशेने पुढे ढकलला जातोय. पडदा आता उलट्या बाजूला वाकतो आणि कान उलट्या दिशेने फिरल्याची बातमी देतो. ती बातमी खोटी आहे, पण मेंदूला ते माहीत नाही. पडद्याला सरळ व्हायला थोडेच सेकंद लागतात, मात्र मेंदू ही खूण आपल्याकडे धरून ठेवतो आणि गरगरणं त्याहून बरंच लांबतं, साधारण पंधरा-वीस सेकंद किंवा जास्त. पुढचं सगळं समजायला हा फरक लक्षात ठेवा: पडद्याचा हिशोब वेगळा, मेंदूने धरून ठेवलेला वेगळा.

यात डोळ्यांचा काय संबंध? थांबल्यावर समोरची भिंत सरकताना का दिसते?

आधी हे करून बघा. तळहातावरच्या रेषांकडे बघत हात डावी-उजवीकडे भराभर हलवा. रेषा पुसट होतील. आता हात स्थिर ठेवा आणि डोकं त्याच वेगाने हलवा. रेषा स्पष्ट दिसतील. डोकं जेवढं उजवीकडे गेलं तेवढेच डोळे डावीकडे वळले, आणि ते दहा मिलीसेकंदांच्याही आत. शरीरातल्या सर्वांत चपळ प्रतिक्षिप्त क्रियांपैकी ही एक आहे. चालताना, धावताना जग हिंदकळत नाही ते हिच्यामुळे.

गिरकीनंतर कान खोटी बातमी देत असतो तेव्हा हीच चपळ क्रिया घात करते. डोळे हळूहळू एका बाजूला सरकतात, झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. भिंत पळताना दिसते ती त्यामुळे. फिरत्या खुर्चीवरचा हा डोळ्यांचा खेळ अभ्यासूनच कानाची परीक्षा घेण्याचं शास्त्र उभं राहिलं. अंतर्कर्णाच्या या यंत्रणेवरच्या कामासाठी रॉबर्ट बाराने यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं, आणि अशा खुर्चीला आजही त्यांचंच नाव आहे.

मग सरावलेल्या नर्तकांना गरगरत का नाही?

गरगरतं, पण थोडं, आणि फार थोडा वेळ. हे आपल्याला वर्गात दिसतंच. त्यामागे काय घडतं याचा एक सुंदर अभ्यास लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २९ बॅले नर्तकी होत्या आणि तुलनेसाठी २० महिला नौकानयनपटू. म्हणजे तंदुरुस्ती तोडीस तोड, फक्त गिरक्यांचा सराव एकाच गटाला. प्रत्येकीला अंधाऱ्या खोलीत फिरत्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची थांबल्यावर, आपण अजून जितक्या वेगाने फिरतोय असं वाटतंय तितक्या वेगाने हातातलं हँडल फिरवत राहायचं. त्याच वेळी डोळ्यांची हालचालही मोजली.

नर्तकींची फिरल्याची जाणीव लवकर संपली. डोळ्यांची हालचालही लवकर थांबली. पण मला या अभ्यासातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. नौकानयनपटूंमध्ये जाणीव आणि डोळ्यांची हालचाल यांचा मेळ होता: ज्यांचे डोळे जास्त वेळ हलले त्यांना जास्त वेळ फिरल्यासारखं वाटलं. नर्तकींमध्ये हा मेळच तुटलेला होता. प्रतिक्षिप्त क्रिया आपल्या वाटेने चालू आणि ‘मी फिरतेय’ ही जाणीव वेगळ्या वाटेने. वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदू कानाला जणू सांगायला शिकला होता की तुझं ऐकलं, पण आत्ता ते कामाचं नाही.

म्हणजे नर्तकांचा कानच वेगळा होतो का?

नाही. नलिका, द्रव, पडदा, स्फटिक सगळं तुमच्या-माझ्यासारखंच. त्यावर मेंदूचा किती भरवसा, एवढं बदलतं. ‘कान पक्का झाला’ असं बोलण्याच्या ओघात म्हणतो, पण पक्कं होतं ते ऐकणाऱ्याचं शहाणपण.

त्या अभ्यासात नर्तकींच्या मेंदूचा एक भाग लहान आढळला असं वाचलं. हे नुकसान तर नाही?

पालकांना ही बातमी वाचून काळजी वाटते. हो, लघुमेंदूच्या मागच्या भागात, जिथे कानाकडून आलेल्या खुणा पोचतात, तिथे नर्तकींमध्ये करडं द्रव्य (मेंदूपेशींनी भरलेला भाग) कमी होतं. ज्यांचा अनुभव जास्त, त्यांच्यात ते आणखी कमी. पण मेंदूत मोठं म्हणजे चांगलं आणि छोटं म्हणजे वाईट असा नियम नाही. हा भाग खुणा गाळणाऱ्या चाळणीसारखा आहे, आणि गरगरण्याच्या जाणिवेकडे जाणारी वाट नर्तकीने अरुंद करून घेतली असावी असा अभ्यासकांनी त्याचा अर्थ लावला.

याच कारणाने जुनाट चक्कर असलेल्या रुग्णांवर काम करणाऱ्यांना नर्तकांमध्ये रस आहे. सरावाने मेंदूची ही वाट बदलते, तर आजारात ती बदलायची कशी?

स्पॉटिंग म्हणजे काय, आणि त्याने खरंच चक्कर थांबते का?

समोर डोळ्यांच्या उंचीवर एक खूण धरायची. शरीर वळायला लागलं तरी नजर तिथेच. मान जिथवर पुरेल तिथवर पुरवायची आणि मग डोकं झटक्यात फिरवून शरीराच्या आधी त्याच खुणेवर आणायचं. डोकं सर्वांत शेवटी निघतं आणि सर्वांत आधी पोचतं. कथकच्या वर्गात ‘नजर समोर’ म्हणतात ते हेच, बॅलेच्या वर्गातही हेच.

याचं एक स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं: डोकं मधे मधे थांबतं म्हणून कानातला द्रव फिरतच नाही. मला ते पटत नाही. दहा चकरांत डोकंही शेवटी दहाच वेळा फिरतं, शरीराइतकंच. तुकड्यातुकड्यांनी फिरलं तरी द्रवाला मिळणारा एकूण रेटा तेवढाच. स्पॉटिंगचा खरा फायदा नजरेचा आहे. प्रत्येक फेरीत डोळ्यांना क्षणभर का होईना, एक स्थिर चित्र मिळतं आणि मेंदूला कळतं की पुढा कुठे आहे. शेवटच्या चकरेनंतर नजर त्याच ओळखीच्या खुणेवर रुतून बसली की डोळ्यांचं सरकणं दाबलं जातं. नजर रोखल्याने ही हालचाल दबते, हे कानाच्या तपासणीतही दिसतं; म्हणून तर ती तपासणी अंधारात किंवा खास चष्मा लावून करतात.

म्हणून खूण चांगली निवडा. हलणारा पडदा, माणसाचा चेहरा, लुकलुकणारा दिवा नको. आणि रंगमंचावर प्रेक्षागृह काळंकुट्ट असतं तेव्हा वर्गातली खूण तिथे नसते, याची सवय तालमीतच करून घ्या. मी स्वतः पहिल्यांदा त्या काळोखाकडे तोंड करून चकरा घेतल्या तेव्हा सम चुकवली होती. शरीराला काही झालं नव्हतं, डोळ्यांना धरायलाच काही नव्हतं.

स्केटिंग करणारे किंवा सूफी दरवेश तर स्पॉटिंग करत नाहीत. त्यांचं कसं जमतं?

बर्फावरच्या गिरकीचा वेग इतका असतो की मान तेवढ्या झटपट मागे-पुढे करणं शक्यच नाही. ते डोकं शरीराबरोबरच ठेवतात आणि सरावाने आलेल्या सवयीवर विसंबतात. गिरकीतून बाहेर पडताना मात्र नजर एका ठिकाणी रोवतात. मेवलेवी परंपरेतले दरवेश डाव्या पायाभोवती, घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने, संथ आणि दीर्घकाळ फिरतात. डोळे उघडे, पण नजर कशावर रोखलेली नाही. त्यांच्या फिरण्यात आणखी एक गोष्ट आहे: सुरुवात हळू आणि वेग सारखा. झटके नसले की कानाला सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

एकाच अडचणीवर तीन परंपरांनी तीन उत्तरं काढली आहेत. तुमच्या नृत्यशैलीला कोणतं लागू पडतं ते गुरूंना विचारा. त्यांची सरमिसळ नवशिक्याला फार त्रास देते.

नाचणाऱ्याचा तोल सगळीकडेच चांगला असतो का?

इथे जरा थांबायला हवं, कारण आम्हा शिक्षकांना हे ऐकायला आवडत नाही. नाचणारा माणूस एका पायावर, डोळे उघडे ठेवून, नेहमीच्या जमिनीवर सुरेख उभा राहतो. डोळे मिटायला सांगा, आणि अनेकदा तो न नाचणाऱ्यासारखाच डुलतो. फ्रान्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्युदो खेळणारे आणि बॅले नर्तक यांची तुलना केली होती. डोळे उघडे असताना दोघेही सामान्यांपेक्षा सरस. डोळे मिटल्यावर ज्युदोवाले सरस राहिले, नर्तकांची आघाडी गेली.

का? ज्युदोत समोरचा माणूस तुम्हाला अचानक ओढतो, ढकलतो. तिथे डोळ्यांना वेळच नसतो, पाय आणि स्नायूंनीच उत्तर द्यायचं असतं. नर्तक आरशासमोर वाढतो. आपली रेषा, हाताचा कोन, मानेचा कल, सगळं डोळ्यांनी तपासतो. मेंदूने डोळ्यांवर भिस्त टाकली तर त्याचा दोष नाही, आपणच ते शिकवलं. सगळेच अभ्यास एकाच निष्कर्षाला येत नाहीत, काहींत व्यावसायिक नर्तक डोळ्यांवर कमी विसंबतात असंही दिसलं आहे. पण माझ्या वर्गातला अनुभव पहिल्या बाजूला झुकतो.

मी आता आठवड्यातून एक तास आरशाकडे पाठ करून घेते. पहिल्या दिवशी मुली गोंधळतात, ओळ वाकडी होते, चकरा सरकतात. महिनाभराने त्याच मुली सांगतात की पाय जमिनीला ‘ऐकू’ येतात. तो शब्द त्यांचा, पण मला तो अगदी नेमका वाटतो. अनवाणी नाचण्याचा फायदा इथेच: तळपायाच्या कातडीत दाब आणि कंप टिपणारी टोकं दाट असतात, आणि जाड तळाचे बूट त्यांच्या तोंडावर हात ठेवतात.

एकाच बाजूने चकरा घेतल्या तर चालतं का?

रचनेत एकच बाजू येते, म्हणून सरावातही तीच येते. हे साहजिक आहे. पण मेंदूला जी दिशा जास्त मिळते तिचीच सवय जास्त लागते. उजवीकडे वीस चकरा सहज घेणारी मुलगी डावीकडे पाचातच गडबडते, ती याच कारणाने. शिवाय एकाच घोट्यावर, एकाच नितंबाच्या सांध्यावर भार येत राहतो. दुसरी बाजू कमी घ्या, पण रोज घ्या.

मी प्रौढ वयात शिकायला लागलो. तीन चकरांतच मळमळतं. काय करू?

लाजू नका आणि जिद्दीने रेटूही नका. मळमळ होईपर्यंत फिरणं म्हणजे सराव नव्हे. त्याने मेंदू फक्त भीती शिकतो. भीतीने मान आणि खांदे ताठ होतात, मान ताठ झाली की डोकं सुटं फिरत नाही, आणि गरगरणं वाढतं.

पाव वळणापासून सुरू करा. पाव वळण, थांबा, नजर खुणेवर, श्वास सोडा. मग अर्धं, मग पूर्ण. नुसतं डोकं फिरवण्याचा सराव बसूनही करता येतो: नजर खुणेवर ठेवून खांदे वळवायचे, मग डोकं झटक्यात. किंचित गरगरलं तर ते योग्य आहे, कारण काहीच जाणवलं नाही तर मेंदूला शिकायला काही मिळत नाही. गरगरणं शमेपर्यंत थांबा आणि मग पुढची फेरी घ्या. शमायला मिनिटभराच्या वर लागत असेल तर आजचा डोस जास्त झाला.

थोडंसं, पण रोज. आठवड्यातून एकदा तासभर फिरण्यापेक्षा रोज दहा मिनिटं कितीतरी बरी. चक्करग्रस्त रुग्णांसाठी १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुकसी यांनी तयार केलेले व्यायाम याच तत्त्वावर चालतात: ज्या हालचालीने त्रास होतो तीच, थोड्या मात्रेत, पुन्हा पुन्हा.

उपाशी पोटी किंवा भरल्या पोटी चकरा टाळा. झोप अपुरी झाली असेल त्या दिवशी पायांचं काम करा, गिरक्या उद्यावर ठेवा.

लहान मुलांना गिरक्या कोणत्या वयात शिकवाव्यात?

मुलं आपण होऊनच गरागरा फिरतात आणि पडून हसतात. ते उत्तम शिक्षण आहे, अडवू नका. कानाची यंत्रणा जन्मतःच तयार असते. तिघांच्या बातम्यांचा मेळ घालायला मात्र मेंदू बालपणभर शिकत असतो आणि लहान मुलं डोळ्यांवर जास्त विसंबतात. नियमबद्ध चकरा सहा-सात वर्षांच्या आधी घाईने लादण्यात मला अर्थ दिसत नाही.

दुसरं वय जास्त नाजूक आहे. बारा-तेराच्या आसपास उंची झपाट्याने वाढते, हातपाय लांबतात, आणि काल जमणारी चक्कर आज जमत नाही. मुलगी रडकुंडीला येते, आळशी झाली असं घरी वाटतं. मेंदूकडे असलेला शरीराचा नकाशा जुना झालेला असतो, एवढंच. काही महिने चकरा कमी करून घोट्याची ताकद, एका पायावरचा तोल आणि संथ हालचाली यांवर भर द्यावा. कौशल्य परत येतं. त्या काळात ओरडा खाल्लेल्या मुली मात्र परत येतीलच असं नाही.

साठीनंतर नाचायला सुरुवात केली तर तोल सुधारतो का? पडणं टळतं का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोघांची उत्तरंही वेगळी.

तोल सुधारतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. जर्मनीत माग्डेबुर्ग इथे वयस्कांचे दोन गट दीड वर्ष चालवले. एक गट नाचणारा, सतत नव्या रचना शिकणारा. दुसरा नेहमीचा, तेच ते व्यायाम करणारा. २०१७ च्या अहवालानुसार मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाची वाढ दोन्ही गटांत दिसली, पण तोलाची चाचणी फक्त नाचणाऱ्यांची सुधारली. पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये टँगोचे प्रयोग झाले आहेत आणि तिथेही तोल सुधारलेला आढळला. टँगोत मागे चालणं, थबकणं, पुन्हा सुरू होणं, जोडीदाराच्या इशाऱ्यावर वळणं असतं. या रुग्णांना रोजच्या जगण्यात नेमकं हेच अवघड जातं.

पडण्याचं म्हणाल तर चित्र संमिश्र आहे. जिनिव्हात ६५ वर्षांवरच्या १३४ जणांवर झालेल्या अभ्यासात (२०११) पियानोच्या बदलत्या तालाबरोबर चालण्या-वळण्याचे व्यायाम आठवड्यातून एकदा, सहा महिने दिले. पडण्याचं प्रमाण स्पष्ट घटलं. सिडनीतल्या २३ निवृत्ती-वसाहतींमधल्या ५३० जणांवरच्या अभ्यासात (२०१६) वर्षभर लोकनृत्य किंवा बॉलरूम नृत्य करूनही पडणं कमी झालं नाही.

माझं मत असं: नाचताना तालाकडे लक्ष, वळण, दिशा बदलणं आणि पाय अचानक थांबवणं यांतलं किती आहे, त्यावर फायदा ठरतो. ठरावीक पावलं गोलात टाकत राहणं मनाला छान, गुडघ्यालाही बरं, पण तोलाच्या यंत्रणेला त्यात नवीन काही सापडत नाही. ज्येष्ठांच्या वर्गात मी टाळीवर दिशा बदलायला लावते. भिंतीशी किंवा दणकट खुर्चीशी हात पोचेल इतक्या अंतरावर, आणि वेगवान गिरक्या अजिबात नाहीत. मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी झालेल्यांनी डोळे मिटून करायचे व्यायाम एकट्याने करू नयेत.

मला नाचताना येणारी चक्कर साधी आहे की आजाराची, कसं ओळखायचं?

मराठीने इथे आपली मोठी सोय करून ठेवली आहे. डॉक्टरांकडे ‘चक्कर येते’ एवढंच न सांगता नेमका शब्द वापरा.

*गरगरणं*: आपण किंवा खोली फिरतेय असं वाटणं. हे बहुधा कानाच्या यंत्रणेचं. *अंधारी येणं*: जमिनीवरच्या मुद्रेतून पटकन उठल्यावर डोळ्यांपुढे काळं होणं. हे सहसा रक्तदाब खाली जाण्याचं. पाणी कमी पडलं, जेवण चुकलं, अंगात रक्त कमी असलं की वाढतं. *भोवळ*: शुद्ध हरपल्यासारखं होणं. नाचता नाचता, परिश्रमाच्या ऐन भरात भोवळ आली तर हृदयाची तपासणी करून घेतल्याशिवाय पुन्हा नाचू नका. *तोल जाणं*: डोकं ठीक, पण पाय धरत नाहीत.

गिरकीनंतर गरगरलं आणि मिनिटाच्या आत शमलं, तर ती शरीराची रीत. पण अंथरुणात कूस बदलताना, वर बघताना, खाली वाकताना काही सेकंद जोरात गरगरत असेल, तर कानातले ते स्फटिक पिशवीतून सुटून नलिकेत शिरले असण्याची शक्यता आहे. हा त्रास खूप आढळतो, वयाबरोबर वाढतो, आणि त्यावर गोळ्यांपेक्षा डोकं ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक परत जागी नेण्याची पद्धत जास्त उपयोगी पडते. एपली यांच्या नावाने ती ओळखली जाते. ती आधी जाणकाराकडून करून घ्या. ‘नाचून नाचून जाईल’ असं समजून चकरा वाढवू नका. हा सवयीचा प्रश्न नाही, जागा चुकलेल्या खड्यांचा आहे.

गरगरण्याबरोबर एका कानाने कमी ऐकू येणं, कानात गुणगुण किंवा दडा बसणं असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. आणि अचानक चक्कर येऊन बोलणं अडखळलं, चेहरा वाकडा झाला, एकाची दोन चित्रं दिसू लागली, एका बाजूचा हात-पाय लुळावला किंवा उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा थेट इस्पितळ.

जन्मतः ऐकू न येणारी मुलगी नाचू शकेल का? तिचा तोल कमी असेल का?

नाचू शकेल, आणि उत्तम नाचू शकेल. तोलाबद्दल विचारलंत हे बरं केलंत, कारण ते फार थोडे पालक विचारतात. ऐकण्याचं आणि तोलाचं इंद्रिय एकाच द्रवाने जोडलेलं असल्याने तीव्र बहिरेपण असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांत तोलाची यंत्रणाही कमजोर असते. अशी मुलं मान धरायला, बसायला, चालायला उशिरा शिकलेली असतात. याची तपासणी करता येते, करून घ्यावी.

यंत्रणा कमजोर असेल तर मेंदू डोळे आणि पाय यांच्यावर जास्त भर देतो, आणि नृत्य नेमकं तेच शिकवतं. लाकडी जमीन असेल तर पायांच्या ठेक्याचा कंप तळव्यांतून कळतो. दोन गोष्टींची काळजी घ्या: अंधारात किंवा डोळे मिटून करायचे प्रकार सांभाळून, आणि पोहण्याच्या तलावात एकटं सोडायचं नाही. पाण्याखाली डोळ्यांना दिसेना आणि पायांना जमीन मिळेना, तर वर कुठे आणि खाली कुठे हे सांगायला अशा मुलीकडे कुणी उरत नाही.

नाच शिकल्यावर प्रवासात गाडी लागणं थांबेल का?

खात्री नाही देता येत. गाडी लागते ती डोळे आणि कान वेगवेगळं सांगत असतात म्हणून, आणि ही सवय हालचालीगणिक वेगळी असते. घाटातल्या वळणांची सवय घाटातच होते.

दोन वर्षांच्या खंडानंतर परत आले. आधी सहज जमणाऱ्या चकरा आता सहन होत नाहीत. सगळं पुसलं गेलं का?

पुसलं जात नाही, झोपतं. गरगरणं दाबण्याची सवय वापर थांबला की ओसरते. पायांची, नजरेची स्मृती त्यापेक्षा जास्त टिकते. म्हणून परत आलेल्या नर्तकीचं तंत्र चांगलं दिसतं आणि पोटात मात्र ढवळतं. पहिले दोन-तीन आठवडे जुन्या संख्येच्या मोहात पडू नका. पाच चकरा स्वच्छ, मग आठ. नवशिक्याला वर्ष लागतं ते तुम्हाला बहुधा काही आठवड्यांत मिळेल.

चकरांच्या सरावानंतर लगेच गाडी चालवावी का?

नको. सरावलेल्या नर्तकीलाही गरगरल्याची जाणीव संपल्यावर डोळ्यांची हालचाल चालू असू शकते, आणि ती तिला कळेलच असं नाही. वरच्या अभ्यासात जाणीव आणि डोळे यांची फारकत दिसली ती हीच. पंधरा मिनिटं बसा, पाणी प्या, घुंगरू सोडा, बॅग भरा. मग चालता चालता भिंतीवरची एखादी पाटी वाचून बघा, आणि डोकं डावी-उजवीकडे हलवत पुन्हा वाचा. अक्षरं जागची हलत नसतील तर निघा. हलत असतील तर आणखी थोडं बसा.